तीनशे नक्ष्या

“दोन उचल, एक सोड, मोराची मान हाय, जरा सैल सोड…” सिद्धलिंगप्पा मास्तर डोळे मिटून सांगायचे आणि सुकन्या टाइप करत जायची. त्याला वीस वर्षं झाली. मास्तरांच्या डोक्यातल्या तीनशे नक्ष्या, चादरीचा कुठला धागा कधी उचलायचा ते सगळं गणित, तिनं तेव्हा कारखान्याच्या संगणकात बसवलं होतं.

यंदा खंडेनवमीला मागांबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागलं. पूजेसाठी कुणीतरी मेन स्विच ओढला. प्रोग्राम चालूच होता. तेव्हापासून तो उघडला की मिटायचा. संगणकालाच लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हवरच्या प्रतीतही तोच बिघाड उतरला होता. आकडे शाबूत होते. आकड्यांची नक्षी करणारा कोड नासला होता. अक्कलकोट रोडवरच्या बाकीच्या कारखान्यांचे माग खडखडू लागले, यांचे उभेच.

मालक शिवराजनं हात जोडले. “मास्तर, तुमच्या डोक्यात हायत की सगळ्या. परत सांगा, परत लिवू.”

“मी काय रेडिओ हाय व्हय? कान पिळला की गायला!” मास्तर फिस्कारले. “हिचं डबडं हिलाच उघडू दे.”

सुकन्याला ते लागलं. म्हाताऱ्याला एवढा कसला ताठा!

तिनं नवी कोरी फाइल घेतली. जुन्यातला एकेक तुकडा साध्या मजकुरात उतरवायचा, वाचायचा, नव्यात बसवायचा. वाचता वाचता ती थबकली. कोडच्या मधेमधे तिनंच तेव्हा मास्तरांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवले होते. यंत्र असल्या ओळी ओलांडून जातं. त्या माणसासाठी असतात. ‘किनारीला श्वास घेऊ दे.’ ‘कमळ घाईनं उमलत न्हाय, चार धागे थांब.’ कोड जिथं कुजला होता, तिथं त्या ओळींचं बोट धरून ती पुन्हा लिहीत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्राम उघडला, आणि उघडाच राहिला. पडद्यावर ओळीमागून ओळ मोर चढू लागला. पाय, पोट, मान, तुरा. कामगारांनी दाराशीच चपला काढल्या.

मास्तर पुढं आले. चादर चाचपावी तसं त्यांनी पडद्याला बोट लावलं.

“कुणाची गं ही नक्षी?”

“तुमचीच की, मास्तर. चेष्टा करताय व्हय?”

मास्तरांनी मोरावरचं बोट काढलं. मग तिच्या कानाशी वाकले.

“दोन वर्सं झाली, पोरी. मला एक बी नक्षी आठवत न्हाय.”