दहा नंबरची जर्सी

“दहा नंबरची जर्सी ह्या पोराला दिली, आता आपल्या तालमीचा फुटबॉल संपला म्हणून समजा!” अण्णा सरनाईकांनी कोल्हापूरच्या भर पेठेत, तालमीच्या कट्ट्यावरून जाहीर करून टाकलं.

“अण्णा, काल त्यानंच तीन गोल घातले की,” सदबा भजी खात म्हणाला.

“वाऱ्यानं घातले. वारं त्याच्या बाजूनं होतं.”

“एक हाफटाइमच्या आधी, दोन नंतर. वाऱ्यानंबी बाजू बदलली व्हय?”

सगळा कट्टा हसला. अण्णांनी चहाचा घोट गरजेपेक्षा जास्त वेळ तोंडात ठेवला. चाळीस वर्षांपूर्वी ती जर्सी त्यांच्या अंगावर होती, तेव्हा पेठेतला न्हावी त्यांना कधी ताटकळत ठेवत नसे. आज सकाळी त्याच दुकानात त्यांची दाढी अर्धी ठेवून ह्या पोराचे केस कापले गेले, आणि फेस वाळेपर्यंत अण्णांना त्याच्या गोलांचं वर्णन ऐकावं लागलं.

“डोकं बघा त्याचं. असल्या केसांनी हेडर मारता येतंय व्हय?” अण्णा म्हणाले, तोच पोरगा समोर उभा!

पोरानं वाकून नमस्कार केला. “अण्णा, रविवारी फायनल हाय. तुमच्यासारखी फ्री किक पेठेत परत कुणाला जमली न्हाई, म्हणतात आमचे बाबा. शिकवाल?”

अण्णांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, खांद्यावर हात टाकला आणि हळूच म्हणाले, “शिकवतो की. आधी ते बाबांचं तेवढं परत म्हण. जरा मोठ्यानं, सदबाला कमी ऐकू येतंय.”