चौथं बटण

"आज तरी वेळेवर सुरू करा, पाहुण्या बाई येऊन बसल्यात," वायरमननं स्टेजकडे हाक दिली आणि आवाजाच्या मिक्सरवरची बटणं एकेक करून फिरवली. पहिलं गाणाऱ्या शिक्षिकेचं, दुसरं ड्रम बडवणाऱ्या दातांच्या डॉक्टरचं, तिसरं कीबोर्डवाल्या शिंप्याचं. चौथं पोस्टमनच्या इलेक्ट्रिक गिटारचं. ते त्यानं शून्यावरून हलवलं नाही.

गेली तीन वर्षं हलवलं नव्हतं.

त्याचं असं होतं, की हा बँड मुळात पोस्टमननंच जमवला. पत्रं वाटता वाटता कोण गातं, कोण नुसतंच टेबल बडवतं, याचा त्याला दारोदार पत्ता लागला होता. गाद्यांच्या दुकानामागचं हे गोदाम मिळवायला मालकाला गळ घातली त्यानंच. दर शनिवारी संध्याकाळी आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावायचा तोच, लोकांना बसायला खाली अंथरायचा तोच, आणि कुणी आलं नाही तर फोन करून पिडायचा तोच. माणूस लाखात एक. फक्त गिटार हातात घेतली की वाटायचं, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात चमचे घालून हलवतंय.

वायरमननं पहिल्याच तालमीत ते ऐकलं आणि पहिल्या कार्यक्रमाला चौथं बटण गुपचूप शून्यावर नेऊन ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे त्यानं स्वतःच्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मित्रासाठी माणूस आणखी काय करणार?

पोस्टमन बिचारा भोळा. "माझी वायर मीच जोडणार, कुणी हात लावायचा नाही," असं म्हणत दर शनिवारी गाद्यांच्या चळतीमागे वाकायचा, घाम पुसत उठायचा आणि डोळे मिटून वाजवायचा. कार्यक्रम संपला की वायरमनच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "तू आहेस म्हणून आमचं बरं चाललंय रे." त्या वेळी वायरमनला त्याच्याकडे बघवत नसे.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. रेडिओवरच्या बाई आल्या होत्या. दर महिन्याच्या कार्यक्रमासाठी त्यांना एक बँड निवडायचा होता. त्यापायी शिक्षिका आठ दिवस गरम पाण्यावर होती. डॉक्टरचे पेशंट, शिंप्याची गिऱ्हाइकं, शिक्षिकेच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप, सगळे झाडून आले होते. सुई हातात असणाऱ्याशी आणि प्रगतिपुस्तक हातात असणारीशी वैर कोण घेणार? पोस्टमनची बायको नवा चष्मा लावून मिक्सरशेजारच्या गादीवर बसली होती, आणि तिच्या पलीकडे रेडिओच्या बाई.

दुसरं गाणं निम्म्यात आलं तेव्हा बाई वायरमनकडे झुकल्या. "ते गिटारवाले एवढं मन लावून वाजवताहेत, मग ऐकू का येत नाही?"

"त्यांची मागून साथ आहे ना," वायरमन म्हणाला. "हळूच असते."

"मला चौघंही ऐकायचेत. वाढवा जरा."

"वाढवा हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "मलाही इथे कधी ऐकू येत नाही. मला वाटायचं, माझेच कान गेले."

वाढवावं तर बँड बुडाला. न वाढवावं तर वहिनींसमोर तीन वर्षांचं पितळ उघडं. स्टेजवर शिक्षिकेचा आवाज कधी नव्हे इतका छान लागला होता, आणि पोस्टमन डोळे मिटून मान डोलावत होता. वायरमनला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यानं चौथ्या बटणावर बोट ठेवलं आणि जरासं फिरवलं.

काही झालं नाही.

आणखी थोडं फिरवलं. मग निम्म्यावर नेलं. मग पार शेवटाला. बारीकशी घरघर तेवढी आली. चमचे काही वाजले नाहीत.

"हां," रेडिओच्या बाई म्हणाल्या, "आता कसं भरल्यासारखं वाटतंय."

वहिनींनी चष्मा काढून डोळे पुसले. "किती गोड वाजवतात हो. आणि मी मेली घरी नावं ठेवते."

वायरमन बटणाकडे बघतच राहिला.

शेवटचं गाणं झालं तशा बाई उठल्या. "पुढच्या महिन्यापासून या," त्या म्हणाल्या. "चौघंही. गिटारसकट." शिक्षिका होती तिथेच गादीवर बसली. डॉक्टरनं शिंप्याला उचललं आणि दोघंही गाद्यांवर कोसळले. लोकांनी टाळ्यांनी गोदाम डोक्यावर घेतलं. वायरमनचा जीव भांड्यात पडला.

पण वीस वर्षं तारांत हात घातलेला माणूस, बिघाड दिसला की त्याला चैन पडत नाही. सगळे बाईंभोवती जमले तसा तो टॉर्च घेऊन गाद्यांच्या चळतीमागे शिरला. मिक्सरकडून आलेली वायर तिथे जमिनीवर पडून होती. तिच्या टोकाला तपकिरी कागद गुंडाळून टपालाच्या सुतळीनं घट्ट गाठ मारलेली. कागदावर पोस्टाचा गोल शिक्का होता, पहिल्या कार्यक्रमाच्या तारखेचा. वर तीन वर्षांची धूळ. गिटारची वायर हातभर अंतरावर नीट वेटोळं करून ठेवली होती.

त्यानं मान वर केली. पोस्टमन गिटार पोटाशी धरून उभा होता. त्यानं आधी मागे वळून वहिनी लांब आहेत याची खात्री करून घेतली, मग खाली वाकला.

"तू बटण शून्यावर ठेवतोस, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे रे," तो कानाशी म्हणाला. "पण एखाद्या शनिवारी तुझा हात चुकला असता तर?"