सगळ्यात खरा प्रसंग

“‘राक्षस कसला, गोणपाट पांघरलेला माणूस आहे,’” नवरा हसत कमेंट वाचत होता. हरवलेल्या कुटुंबाच्या मोबाइलमध्ये सापडलेलं चित्रण, असा त्याचा बिनपैशाचा भयपट कालच यूट्यूबवर आला होता. “आणि हे ऐक. ‘बाकी फालतू, पण अंधारात रडणारं बाळ अगदी खरं. अंगावर काटा आला.’”

मी तो प्रसंग पुन्हा लावला. रडणं मध्येच घशात अडकत होतं, आमच्या लहानग्या रेवाचं अडकतं तसं.

“हा आवाज नेटवरून घेतलास ना?”

“अगं, दहाच मिनिटं ठेवलं तिला गोदामात, समोर मोबाइल लावून. तू परीक्षेला गेली होतीस तेव्हा.”

त्याने मोबाइल उचलला. “हिरॉइन, इकडे बघ!”

रेवाने नेहमीसारखे दोन्ही हातांनी डोळे झाकले. आजवर मी त्याला लाजणं समजत होते.