द्वारकाकाकूंची फरशी

दारावरच्या पाटीवर समुद्र घरात शिरण्याची तारीख होती. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला यंत्रानं अशी तारीख काढून दिली होती आणि ती आजवर एकदाही चुकली नव्हती. म्हणून सगळे गुंडाळता येणारी फरशीच घालायचे. द्वारकाकाकूंनी मात्र शहाबादी मागवली.

“काकू, तीनच वर्षं उरलीत,” अनंता गवंडी कळवळून म्हणाला. “ती गुंडाळी ओल धरत नाही, निघताना काखोटीला मारता येते. हे दगड कुठे नेणार तुम्ही?”

“मी कुठे चाललेय?” पदर खोचून काकूंनी सिमेंटचं घमेलं स्वतःच उचललं. “आणि हे बघ, ढाळ न्हाणीकडे नको, समुद्राकडच्या दाराला काढ. शिरलाच तर आल्या पावली परत गेला पाहिजे मेला!”