बत्तीस पानं

डावीकडे पान एकशे शहात्तर, उजवीकडे दोनशे नऊ. डेलियानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, झटकूनही पाहिलं. मधली बत्तीस पानं फाटलेली नव्हती, ती मुळात शिवलीच नव्हती.

एकशे शहात्तरवर हेस्टर नावाची नर्स आपल्या दोन मुलांना घेऊन पुरात नाव लोटते. दोनशे नऊवर ती पलीकडच्या काठावर शेकोटीशी बसलेली असते आणि जवळ फक्त धाकटा असतो. थोरल्याचं काय झालं, ते पुढे शेवटपर्यंत कुणी बोलत नाही.

"कॉलेजला फोन कर की," तिची आई वँडा म्हणाली. ती शाळेची बस चालवायची, आणि कुठलीही गोष्ट लटकत ठेवलेली तिला खपत नसे. "म्हणावं, अर्धवट पुस्तक गळ्यात मारलंत."

"नको गं. आधीच वेटिंग लिस्टवरून घेतलंय मला. पाऊल टाकायच्या आत तक्रार काय करू?"

"मग काय झालं?"

"सगळ्यांना मे महिन्यात पुस्तकं गेली. माझं जूनच्या शेवटी आलं. उरलंसुरलं असणार."

वँडानं पेपरोनी रोलचा तुकडा तोंडात टाकला. "असं. मग शेवटच्या पंगतीची खरवड खा आणि गप्प बस."

दुसरीकडे ते पुस्तक मिळण्याची सोय नव्हती. कॉलेजमधल्याच एका दिवंगत प्राध्यापकानं पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं ते पुस्तक बाजारातून कधीच नाहीसं झालं होतं. नव्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात वाचावं म्हणून कॉलेजनं या वर्षी ते मुद्दाम छापून घेतलं होतं आणि डीनसाहेबांनी त्याला चांगली सात पानी प्रस्तावना जोडली होती. वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी त्यावर गटागटानं चर्चा व्हायची होती. डेलियाच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तिनं त्या चर्चेचा असा धसका घेतला की विचारू नका.

उन्हाळाभर ती बॉग्ज यांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचायची. तीनदा वाचून काढलं. दोनशे बारावर धाकट्याच्या पायांत थोरल्याचे बूट आहेत. दोनशे चाळीसवर हेस्टर टेबलावर तीन बशा मांडते आणि एक उचलून ठेवते. असं सगळं वहीत टिपून तिनं त्या हरवलेल्या पानांचे तीन अंदाज बांधले, पण मन एकावरही ठरेना.

"कशाला जातेस तिकडे शहाण्यांच्या मेळ्यात?" निघायच्या आदल्या दिवशी बॉग्ज म्हणाले. "इथं कायमची जागा देतो तुला. सोमवारपर्यंत दुसऱ्या कुणाला घेत नाही. नाही जमलं तर सरळ परत ये, लाजू नकोस."

डेलिया नाही म्हणाली नाही.

शुक्रवारी तिच्या गटाला नेमके डीन व्हिटलॉक आले. बारा खुर्च्यांचं कोंडाळं, प्रत्येकाच्या मांडीवर तेच हिरवं पुस्तक.

"कुठलं प्रकरण मनात घर करून राहिलं?" डीननी विचारलं.

"नदीचं!" प्रेस्टन नावाचा उंच मुलगा लगेच म्हणाला. "ती नाव उलटते ना, काय लिहिलंय सर!"

"परवाच बायकोला वाचून दाखवलं मी ते, याच प्रतीतून," डीन म्हणाले. "दोघांचेही डोळे भरून आले."

मग जो तो नदीवर तुटून पडला. कुणी म्हणालं पाणी म्हणजे काळ, कुणी म्हणालं नाव म्हणजे घर. डेलियानं सगळं वाचलं होतं ते एवढं सोडून, आणि ही मंडळी बोलत होती ती फक्त एवढ्यावरच. बॉग्ज यांचा गल्ला तिला समोर दिसू लागला.

"आणि तुझं काय मत?" डीन तिच्याकडे वळले.

वेळ मारून नेता आली असती. इतकं ऐकल्यावर दोन वाक्यं कुणीही जुळवली असती. पण उन्हाळाभर तो पोरगा तिच्या जिवाला लागून राहिला होता.

"सर, थोरला वाचला का हो?"



"बुडाला ना," प्रेस्टन म्हणाला.

"छे, मला वाटतं वाचला," शेजारची मुलगी म्हणाली. "म्हणजे... लेखकानं ते आपल्यावर सोडलंय."

"तू वाचलं नाहीस वाटतं?" प्रेस्टन डेलियाकडे बघून हसला.

तिचे कान तापले. "माझ्या प्रतीत ती पानंच नाहीत. म्हणून विचारतेय."

दोघंतिघं खुसखुसले. डीननी त्यांना हातानं गप्प केलं. माणूस मनाचा चांगला होता. "एखादी प्रत निघते अशी. ही घे माझी. मोठ्यानं वाच, म्हणजे सगळेच ऐकतील."

डेलियानं त्यांचं पुस्तक उघडलं. डावीकडे एकशे शहात्तर, उजवीकडे दोनशे नऊ. तिनं प्रेस्टनपुढे हात केला. त्याच्या पुस्तकात तेच. शेजारणीच्या पुस्तकात तेच, तिच्या पलीकडच्याच्या पुस्तकातही तेच. कोंडाळं पुरं झालं तेव्हा सगळी हिरवी पुस्तकं तिच्या मांडीवर होती आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. डेलियानं फोन काढला आणि आईला लिहिलं, 'बॉग्जना सांग, सोमवारची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या.'