होडीवाल्याचा खोकला

घरात पाच भावंडांत एकच खोली. त्या कलकलाटाला विटूनच ती जंगलात एकटीनं तग धरण्याच्या टीव्ही-स्पर्धेत उतरली होती. "मला माणसं लागतच नाहीत," असं आईला ठणकावून सांगून आली होती. इथं बोलायला फक्त कॅमेरा होता. स्वतःचं चित्रण स्वतःच करायचं. तिनं कितीही बडबड केली तरी तो हूं की चूं करत नसे. परवा तो नदीत पडला, तेव्हा होडीवाला दुसरा घेऊन आला. स्पर्धकाशी बोलायची त्याला सक्त मनाई. "काका, दोन मिनिटं टेका ना!" त्यानं ओठांवर बोट ठेवलं, जाताना मात्र खोकला. त्या खोकल्यावर तिनं दोन दिवस काढले. हाही कॅमेरा बिघडला, तर थेट स्पर्धेतून बाद. आज तिनं शेकोटीजवळ बसायला दुसरा दगड मांडला, बाहीनं पुसला, आणि नवाकोरा कॅमेरा हळूच नदीत सोडला.