घरात कोण कोण

सरकारी दूधकेंद्राच्या खिडकीतल्या बाई मोठ्या मायाळू. "घरात कोण कोण असतं गं? जितकी माणसं, तितके पावडरचे डबे."

कडेवरच्या लेकीला थोपटत तिनं अंगाईत गुंफावीत तशी नावं सांगितली. सासूबाई, नवरा, धाकटा दीर, जाऊ. वर दोन गल्ल्या पलीकडच्या नणंदेचंही घुसवलं.

बाईंनी सगळी लिहून घेतली आणि मग कागद मागितले. कागद एकट्या लेकीचा होता. ती इथं जन्मलेली, बाकी सारे सरहद्दीपलीकडून आलेले.

"मग डबा एकच."

"बरं. बाकीची नावं खोडा मग."

"लिहिलेलं खोडता येत नाही गं." बाईंनी डबा पुढे सरकवला, लेकीचा गाल कुरवाळला. "आता एवढंच सांग, ही सगळी माणसं एकदम घरात कधी असतात?"